धोक्याचे भोंगे आणि पेटीचे स्वर : देशोदेशींच्या इशाऱ्यांवर केलेली रिमिक्स

काळी_पाच

सर्वांना नमस्कार.

गेले वर्षभर रात्री पेटीचा रियाज आटोपला की मी संगणकावर एक छंद जोपासत आहे. भूकंप, वादळ, पूर किंवा हवाई हल्ला यांची सूचना देण्यासाठी वेगवेगळ्या देशांत जे ठरावीक आवाज वाजवले जातात, त्यांवर जगभरातील हौशी मंडळी रिमिक्स करून आंतरजालावर चढवत असतात. ती ऐकायची, मूळ आवाजातील स्वर पेटीवर शोधायचे आणि जमेल तसे स्वतःचे काही बांधायचे, असा हा छंद आहे. त्यात मला खरोखरच संगीत सापडले. मागच्या महिन्यात त्याच संगीतापायी शेजारच्या घरात जे घडले, त्यामुळे मी अस्वस्थही झालो आहे. दोन्ही गोष्टी सविस्तर लिहितो, कारण येथे गाणारे-वाजवणारे जसे आहेत, तसेच कोल्हापुरातल्या पंचगंगेच्या पुराचे पाणी स्वतःच्या उंबऱ्यावर पाहिलेलेही आहेत.

सुरुवात अमेरिकेपासून करतो. तेथील सध्याची आणीबाणी सूचना प्रणाली 1 जानेवारी 1997 रोजी जुन्या व्यवस्थेच्या जागी आली, पण लक्ष वेधणारा आवाज जुनाच राहिला. 853 आणि 960 हर्ट्झचे (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचे) दोन स्वर एकाच वेळी, किमान आठ सेकंद वाजतात. ते पेटीवर शोधू लागलो तेव्हा हाती काहीच लागेना. 853 हा काळी चार आणि पांढरी सहा यांच्या जवळजवळ बरोबर मध्ये पडतो, आणि 960 हा काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये. दोन्ही स्वर पट्ट्यांच्या फटीत आहेत. ज्यांनी या आवाजाखाली नुसता कीबोर्ड वाजवला आहे त्यांची रिमिक्स म्हणूनच कानाला बोचतात, आणि ज्यांनी सगळा वाद्यमेळ 50 सेंटने, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या निम्म्याने, सरकवून घेतला आहे त्यांची चटकन जुळतात. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे या दोन स्वरांमधले नाते. 853 ला 960 हे गुणोत्तर जवळजवळ 8 ला 9 आहे, म्हणजे तो आपला षड्ज आणि शुद्ध रिषभ आहे. एकामागून एक गायले तर लहान मुलाच्या पहिल्या धड्यातले सा-रे, आणि एकत्र दाबून धरले तर दात शिवशिवावेत असे.

त्या आवाजाच्या आधी जी खरखर ऐकू येते, तो यंत्रांनी यंत्रांसाठी पाठवलेला सांकेतिक संदेश असतो. कोणता जिल्हा, कोणते संकट, किती वेळ, हे सगळे त्यात असते आणि तो तीन वेळा पाठवला जातो. त्यासाठी 1562.5 आणि सुमारे 2083.3 हर्ट्झ असे दोन स्वर वापरतात. त्यांचे गुणोत्तर 3 ला 4 भरते, म्हणजे षड्ज आणि शुद्ध मध्यम. सेकंदाला पाचशेहून अधिक वेळा हे दोन स्वर आलटून पालटून येतात म्हणून आपल्याला खरखर वाटते. ती शंभरपट संथ केली की आतून सा-म, सा-म असे काही तरी उलगडू लागते. पहिल्यांदा ऐकले त्या रात्री मला झोप लागली नाही.

कॅनडाचा इशारा मात्र थेट पट्ट्यांवर बसतो. तेथे दोन स्वरसमूह अर्ध्या अर्ध्या सेकंदाने आलटून पालटून एकूण आठ सेकंद वाजतात. एका समूहात 440, 659.26 आणि 3135.96 हर्ट्झ, तर दुसऱ्यात 932.33, 1046.5 आणि पुन्हा तोच 3135.96. पांढरी सहाचा षड्ज धरला तर पहिल्यात सा, प आणि वर कोमल नि मिळतो. दुसऱ्यात कोमल रे, कोमल ग आणि तोच कोमल नि. भैरवीचे अंग ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढे काय करायचे हे सांगावे लागणार नाही. मी या समूहांवर संथ केरवा (आठ मात्रांचा ताल) लावून साडेचार मिनिटांचा तुकडा बांधला. जपानचा भूकंपाचा इशारा त्याच्या मध्यावर घेतला, आणि शेवटी आपल्याकडे चाचणीच्या वेळी मोबाइलवर जो कर्कश इशारा आला होता, त्याचे अकरा सेकंद जसेच्या तसे जोडले. इथपर्यंत सगळे छान चालले होते.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी हा तुकडा मोठ्या स्पीकरवर लावून ऐकत होतो. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशी पूर्वी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत राहत होत्या. 2019 आणि 2021 या दोन्ही पुरांत त्यांनी घर सोडले आहे. शेवटचा भाग वाजला आणि दोन मिनिटांनी त्या दारात उभ्या राहिल्या. एका हातात नातवाचा दंड घट्ट धरलेला होता, दुसऱ्या हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी होती, आणि त्या पिशवीतून रेशनकार्डाचा पिवळा कोपरा दिसत होता. बाहेर टळटळीत ऊन होते. त्यांनी मला विचारले, "गाडी आली का रे? यंदा कुठल्या शाळंत जायाचं?"

मी स्पीकर बंद केला. त्यांना खुर्चीवर बसवून पाणी दिले, तर त्या स्वतःच म्हणाल्या की, आभाळ कोरडे आहे हे दिसत होते, पण पाय आधी उठले. त्यानंतर मी तो तुकडा कुणालाही ऐकवलेला नाही. माझा प्रश्न असा आहे की, हे आवाज संगीतात घ्यावेत का, घ्यायचे असतील तर किती आणि कसे? मला हा छंद सोडायचा नाही, पण त्या मावशींच्या पिशवीची गाठही डोळ्यांसमोरून हलत नाही.

उद्यमनगर_लेथ

धागा आवडला. स्वरांविषयी मी बोलू शकत नाही, पण आवाज निघतो कसा हे सांगतो, कारण आमच्या शेडमध्ये विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या भोंग्यांची दुरुस्ती वडिलांच्या काळापासून होते.

मोटारीचा भोंगा म्हणजे एका स्थिर डब्यात फिरणारा दुसरा डबा. दोघांच्या कडेला सारख्या अंतरावर खाचा असतात. खाच खाचेसमोर आली की हवा बाहेर फेकली जाते, सरकली की कोंडते. एका सेकंदात जितक्या वेळा हवा सुटते तितके हर्ट्झ, म्हणून हिशेब सोपा आहे : खाचांची संख्या गुणिले सेकंदाचे फेरे. जर्मनीत शीतयुद्धाच्या काळापासून छपरांवर बसवलेल्या ई-57 या भोंग्याला नऊ खाचा आहेत आणि मोटार मिनिटाला 2800 फेरे घेते, त्यामुळे आवाज 420 हर्ट्झला स्थिरावतो. काही भोंग्यांत एकाच दांड्यावर दोन डबे असतात, एकाला दहा खाचा आणि दुसऱ्याला बारा. दुसऱ्या महायुद्धातील इंग्लंडच्या भोंग्यांचा तो जोडआवाज याच मांडणीतून येतो. आपण वर गुणोत्तरे दिली आहेत म्हणून विचारतो, 10 ला 12 म्हणजे कोणता स्वर?

आणखी एक बाब. भोंगा सुरू केला की आवाज खालून वर चढत जातो आणि बंद केला की ओघळत खाली येतो. जड डब्याला वेग घ्यायला आणि सोडायला वेळ लागतो, एवढेच त्याचे कारण आहे. आता इलेक्ट्रॉनिक भोंगे हा चढउतार मुद्दाम नक्कल करून काढतात, कारण लोकांचा कान त्यालाच संकट म्हणून ओळखतो.

जोड_तानपुरा

उद्यमनगर_लेथ यांना उत्तर : 10 ला 12 म्हणजे 5 ला 6, तो शुद्ध श्रुतीचा कोमल गंधार आहे. आपण जो चढउतार सांगितला त्याला आम्ही मींड म्हणतो. पेटीला मींड नाही, त्यामुळे भोंग्याशी संवाद करायचा असेल तर सारंगी किंवा गळाच हवा. काळी_पाच यांनी पेटीचा हट्ट थोडा बाजूला ठेवावा, असे मला सुचवावेसे वाटते.

जपानच्या आवाजाविषयी मी अधिक लिहिते, कारण गेली तीस वर्षे मी येथे मुलांना गाणे शिकवते आणि हा आवाज मी वर्गात लावला आहे. एनएचके वाहिनीवर भूकंपाच्या पूर्वसूचनेआधी वाजणारी ती घंटानादासारखी लकेर टोकियो विद्यापीठातील ध्वनितज्ज्ञ तोहरू इफुकुबे यांनी तयार केली. लोकांसाठीची पूर्वसूचना 1 ऑक्टोबर 2007 पासून सुरू झाली, त्यासाठी ती हवी होती. अकिरा इफुकुबे हे त्यांचे काका, गॉडझिला चित्रपटाचे संगीतकार. त्यांच्या 'सिन्फोनिया ताप्कारा' या रचनेच्या तिसऱ्या भागातील स्वरसंगती पुतण्याने आधाराला घेतली. म्हणजे एका सिम्फनीतून इशारा निघाला, आणि आता इशाऱ्यातून पुन्हा गाणी निघत आहेत. आवाज लक्ष वेधणारा हवा, माणसाला हालचाल करायला लावणारा हवा, ओळखीच्या दुसऱ्या कशासारखा वाटू नये, फार आनंदी किंवा फार उदास नसावा आणि कमी ऐकू येणाऱ्यांनाही कळावा, अशा अटी त्यांनी आधी ठरवल्या होत्या.

आता त्यातले स्वर पाहा. सा, शुद्ध ग, प, कोमल नि आणि सर्वांत वर कोमल ग, एवढ्या स्वरांतून ती झपकन चढते. दोन्ही गंधार आहेत, म्हणजे जोग रागाची आठवण येणारच. पण जोगमध्ये कोमल गंधार उतरताना येतो आणि लगेच षड्जावर विसावतो. येथे तो सर्वांत वर आहे आणि तेथेच लकेर तुटते. कान षड्जाची वाट पाहत राहतो, आणि तोच सगळी लकेर पुन्हा येते, तीही एका अर्धस्वराने वर. आपल्या गायकीत वाढलेल्या माणसाला हे फार जाणवते, कारण पायाखालचा षड्जच सरकतो. भूकंप सांगण्यासाठी याहून नेमके काही सुचले नसते. या लकेरीवर केलेल्या पियानोच्या काही रिमिक्समध्ये शेवटी सुंदर षड्ज लावून ती मिटवली आहे. ऐकायला गोड वाटते. मला मात्र वाटते की, तिचा न मिटणे हाच अर्थ होता.

सेंदाईचा_कोल्हापूरकर

मी मूळचा राजारामपुरीचा, नोकरीनिमित्त आठ वर्षांपासून जपानमधील सेंदाईत आहे. जोड_तानपुरा ताईंनी त्या लकेरीचे जे वर्णन केले आहे ते वाचतानाच मी खुर्ची मागे सरकवली, हे येथे प्रामाणिकपणे लिहितो. माझ्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी 2011 च्या त्सुनामीतून वाचले आहेत. एकदा जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी मोबाइलवर या लकेरीचे नाचाच्या तालावर बसवलेले रिमिक्स लावले. त्या गृहस्थांनी जेवणाच्या काड्या शांतपणे खाली ठेवल्या, टेबलाची कड धरली आणि लाइटच्या झुंबराकडे पाहिले, ते हलत आहे का म्हणून. कोणी काही बोलले नाही. ज्याने ते लावले होते त्याने बंद केले आणि वाकून क्षमा मागितली.

याची दुसरी बाजूही जपानमध्येच आहे. येथे बहुतेक गावांत आपत्तीच्या सूचनेसाठी खांबांवर कर्णे बसवलेले आहेत. त्यांची यंत्रणा चालू आहे की नाही हे रोज तपासावे लागते, म्हणून अनेक ठिकाणी संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांवर एखादे बालगीत वाजवतात. मुलांना घरी परतायची वेळ कळते, आणि एखादा कर्णा बंद पडला असेल तर त्या आळीतल्या आजीबाई दुसऱ्या दिवशी कळवतात. त्या कर्ण्यांची कोणालाही भीती वाटत नाही, उलट माया वाटते. पण त्याच कर्ण्यातून भोंगा आला की माणसे उठतात, कारण गाण्याचा आणि भोंग्याचा आवाज कधीही एकमेकांत मिसळू दिलेला नाही.

चिखलीची_लेक

काळी_पाच दादा, आपण घडलेले लपवले नाहीत याबद्दल आपले आभार मानते, पण माझे मत कडक आहे आणि ते मांडते.

माझे माहेर प्रयाग चिखलीचे. पावसाळ्यात आमच्या घरी दिवसातून चार वेळा एकच प्रश्न विचारला जातो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आमच्याकडच्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ असते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की जनावरे सोडायची, धान्य माळ्यावर चढवायचे आणि लाउडस्पीकरच्या गाडीकडे कान लावून बसायचे. 2019 साली माझे वडील गाडी फिरून गेल्यावरही दीड तास घरात थांबले होते. का, तर आठवडाभर त्याच रस्त्याने कोणाच्या तरी कार्यक्रमाची गाडी तसाच कर्णा लावून फिरत होती, आणि त्यांनी ऐकणेच सोडून दिले होते. म्हशी सोडायला उशीर झाला. दोन परत मिळाल्या नाहीत.

आपण म्हणाल की परदेशी आवाज घ्यावेत, आपले सोडावेत. पण आपल्याला जो परका आहे, तो तिथल्या माणसाला घरचाच आहे. सेंदाईच्या दादांनी वर लिहिलेच आहे. कॅनडातल्या वणव्यातून निघालेल्या बाईने आपला केरवा ऐकला तर तिचे पाय उठणार नाहीत कशावरून?

महाद्वार_साउंड

मी डॉल्बी लावतो. आमच्या धंद्यातली गोष्ट असल्याने येथे लिहिणे मला आवश्यक वाटते.

मिरवणुकीच्या ट्रॅकमध्ये बेस सुटण्याआधी दोन-तीन सेकंद भोंगा चढवत नेण्याची पद्धत फार जुनी आहे. त्याने गर्दी ताणली जाते आणि बेस पडला की उसळते. मीही वर्षानुवर्षे तेच केले. तीन वर्षांपूर्वी विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडवर आमच्या गाडीच्या मागे रुग्णवाहिका आली. एरवी कोल्हापूरची गर्दी रुग्णवाहिकेला क्षणात वाट करून देते, कोणाला सांगावे लागत नाही. त्या रात्री मात्र माणसे नाचतच राहिली, कारण भोंगा माझ्याच टॉपमधून (वरच्या स्पीकरमधून) येतो आहे असे त्यांना वाटले. मला स्वतःला तो वेगळा ओळखता आला नाही. मंडळाच्या एका पोराने मागचे निळे दिवे पाहून धावत येऊन मिक्सरची मेन खाली ओढली, तेव्हा गाडी पुढे गेली. आत कोण होते आणि पुढे काय झाले हे मला कधीच कळले नाही.

त्या रात्रीनंतर माझ्या पेनड्राइव्हमधून भोंग्याच्या सगळ्या फायली मी काढून टाकल्या आहेत. गर्दी ताणायची असेल तर ढोलाचा रेला आणि त्यानंतर एक मात्रा रिकामी सोडणे, एवढे पुरते. किंबहुना ती रिकामी मात्राच जास्त चालते.

कागदोपत्री

कायद्याच्या बाजूने काही गोष्टी स्पष्ट असणे उपयोगाचे ठरेल.

मे 2025 मध्ये 7 तारखेला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्यानंतर 10 मे रोजी केंद्राच्या अग्निशमन, नागरी संरक्षण व गृहरक्षक दल महासंचालनालयाने 1968 च्या नागरी संरक्षण कायद्याचा आधार देऊन सर्व माध्यमांना कळवले की, जनजागृतीखेरीज इतर कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज वापरू नये. दिलेले कारण नेमके चिखलीच्या ताईंनी सांगितलेले आहे : तोच आवाज रोज कानी पडला तर खऱ्या प्रसंगी लोक त्याला नेहमीचाच समजतील.

अमेरिकेत या बाबतीत थेट दंड होतो. तेथील संघीय संचार आयोगाच्या नियमांनुसार खरी आणीबाणी, अधिकृत चाचणी आणि लोकशिक्षण वगळता ते स्वर, अथवा त्यांची हुबेहूब नक्कल, प्रसारित करता येत नाही. 2023 च्या जानेवारीत एका मोठ्या वाहिनीला फुटबॉलच्या जाहिरातीत जेमतेम तीन सेकंद तो आवाज वापरल्याबद्दल 5,04,000 डॉलरचा दंड प्रस्तावित झाला. त्याहून गंभीर प्रसंग ऑक्टोबर 2014 चा आहे. एका रेडिओ कार्यक्रमाने जुन्या इशाऱ्याचे ध्वनिमुद्रण सांकेतिक खरखरीसकट वाजवले. ऐकणाऱ्या केंद्रांच्या यंत्रांनी ती खरखर खरी मानून अनेक राज्यांत इशारा पुढे पाठवला, आणि 2015 साली त्या कंपनीने 10 लाख डॉलर भरले. काळी_पाच, आपण ज्या खरखरीत सा-म ऐकलात ती यंत्रे अजूनही वाचतात. संथ करून वापरली तर ती त्यांना कळत नाही, मूळ वेगात मात्र कळते. तशी खरखर घेतलेला एखादा तुकडा तेथील केंद्राने वाजवला तर काय होईल, याचा विचार व्हावा.

जुना_मिलकरी

मी शाहू मिलमध्ये सत्तावीस वर्षे काम केले. आमचा भोंगा वाफेचा होता, खाचांच्या डब्याचा नव्हे. मंगळवार पेठेतल्या बायका त्या भोंग्यावर आमटी उतरवायच्या आणि शाळेतली मुले घंटेआधी त्याच्याकडे कान लावायची. तो धोक्याचा आवाज नव्हता, घड्याळ होते. म्हणून भोंगा म्हटला की भीती, असे सरसकट मानू नये, अशी माझी विनंती आहे.

रशियन संगीतकार आर्सेनी अव्रामोव यांनी 7 नोव्हेंबर 1922 रोजी बाकू शहरात कारखान्यांचे भोंगे, बंदरातील जहाजांचे कर्णे आणि तोफा यांची मिळून सिम्फनी घडवली होती. आमच्या युनियनच्या वाचनालयात त्याविषयी वाचले, त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता. कामगाराला उठवणारा आवाज त्याच्याच सणाला वाजला. आणि आपल्याकडे 6 मे 2022 रोजी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता अख्खे शहर 100 सेकंद जागच्या जागी उभे राहिले, तेही सर्वांनी मिळून वाजवलेलेच काही होते असे मी मानतो. इस्राएलमध्ये स्मृतिदिनी सलग एका सुरात भोंगा वाजतो आणि रस्त्यावरची वाहने थांबतात. हल्ल्याचा भोंगा मात्र वर-खाली होणारा असतो. आवाज वेगळे ठेवले की माणसे दोन्ही समजून घेतात.

काळी_पाच

सर्वांचे प्रतिसाद तीन-तीनदा वाचले. चिखलीच्या ताई, आपल्या वडिलांच्या म्हशींविषयी वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

एका अभ्यासाची आठवण झाली. 2015 साली 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात ल्युक आर्नाल, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या किंकाळीवरचे काम प्रसिद्ध केले. किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला 30 ते 150 वेळा थरथरते, साध्या बोलण्यात इतक्या वेगाची थरथर नसते. हा खरखरीतपणा मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागाला थेट जागा करतो, आणि धोक्याच्या कृत्रिम आवाजांतही तोच सापडतो, असे त्यांना दिसले. आता 960 मधून 853 वजा केले की 107 उरतात. ते दोन स्वर एकत्र वाजले की सेकंदाला 107 थरथरी होतात, म्हणजे ती किंकाळीच्याच पट्ट्यातली थरथर आहे. सा आणि रे दोन्ही निरागस आहेत. एकत्र, त्या उंचीवर आणि त्या कोरड्या आवाजात वाजले की ते किंचाळतात.

यातून मला एक मार्ग दिसतो. किंकाळी ही एकत्र वाजण्यात आणि त्या ठरावीक आवाजाच्या पोतात आहे. ते दोन्ही मी काढून टाकले आणि फक्त स्वरांचे नाते ठेवले, तर संगीत उरते आणि इशारा उरत नाही. सा-रे एकामागून एक, मंद्रात, सारंगीवर. कॅनडाचे दोन समूह अर्ध्या सेकंदाऐवजी चार-चार मात्रांचे, आणि वरचा तो झोंबणारा 3135.96 दोन सप्तके खाली. जपानची लकेर मी वाजवणारच नाही. तिच्यातला तो न मिटणारा कोमल गंधार तेवढा घेईन आणि ताई म्हणतात तसा तो उघडाच ठेवीन. आपल्या मोबाइलचा इशारा पूर्ण काढला आहे. कोणत्याही देशाच्या इशाऱ्याचे मूळ ध्वनिमुद्रण एक सेकंदही राहणार नाही.

चिखलीची_लेक

आपण म्हणता तसे केल्यावर त्याला रिमिक्स म्हणावे का, हे ठरवणे आपले काम आहे. माझी हरकत मात्र मागे घेते. फक्त एक करा. पहिल्यांदा खालच्या मावशींना ऐकवा, आणि त्या आधी त्यांना सांगा की आता गाणे लावतो आहे. पावसाळ्यात लावू नका.

उद्यमनगर_लेथ

10 आणि 12 खाचांचा एक जुना जोडडबा आमच्याकडे पडून आहे. मोटार न लावता तो हाताने फिरवला तर आवाज अगदी खालच्या पट्टीत, फुंकर घातल्यासारखा येतो आणि त्यात तो कोमल गंधार स्पष्ट ऐकू येतो. हवा असेल तर शेडमध्ये येऊन ध्वनिमुद्रण करून न्यावे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लेथ बंद असतात.

काळी_पाच

उद्यमनगरला जाऊन आलो. डबा हाताने फिरवल्यावर जो आवाज येतो तो मी आतापर्यंत कोणत्याही भोंग्यात ऐकला नव्हता. ओल्या बांबूतून वारा जावा तसा तो आहे, आणि मिनिटभर फिरवल्यावर हाताला त्याची लय सापडते. तोच आधारस्वर म्हणून सुरुवातीला घेतला आहे.

मावशींना काल संध्याकाळी, आधी सांगून, ऐकवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले की, मध्ये हे कोण रडते आहे? ती सारंगी होती. तो भाग मी अजून एक सप्तक खाली आणणार आहे. नातवाला डब्याचा आवाज आवडला, त्याने दोनदा लावायला सांगितला.

सुधारलेली फाइल दिवाळीनंतर चढवीन. कॅनडाच्या समूहांवर बांधलेला भाग पांढरी सहामध्ये आहे आणि केरवा संथच ठेवला आहे. माझ्याकडचा तबला काळी एकचा असल्याने त्या पट्टीत उतरत नाही. पांढरी सहाचा तबला असलेले कोणी कोल्हापुरात असतील आणि एखादी दुपार देऊ शकत असतील, तर कृपया येथेच कळवावे.